तीस दिवसांत तीस कोटी : 'मालामाल', गावस्कर आणि पेण-रोह्याचा पैसा

१/ मुंबईतल्या एका फाटक्या तरुणाला तीस दिवसांत ३० कोटी रुपये उडवायचे आहेत. महिन्याअखेर त्याच्याकडे ना रोकड उरली पाहिजे, ना मालमत्ता. अट पाळली तर आजोबांचे ३०० कोटी त्याचे. या धांदलीत क्रिकेटचा एक सामना येतो आणि त्या सामन्यात चक्क सुनील गावस्कर! चित्रपटाचे नाव 'मालामाल', साल १९८८. दर्जा बेताचा, विनोद ढोबळ. आणि तरीही तो आजही मजेत पाहता येतो. ही मजा कुठून येते, आणि पेण-रोह्याच्या पट्ट्यात तिला निराळा अर्थ का मिळतो, हे या थ्रेडमध्ये पाहू. 🧵

२/ प्रथम दोषांची कबुली. केवल शर्मा दिग्दर्शित 'मालामाल' हा उघडउघड गल्लाभरू चित्रपट आहे. विनोद एकदा सांगून भागत नाही, म्हणून तो दोनदा सांगितला जातो. स्त्री-पात्रांना नायकाच्या भोवती फिरण्यापलीकडे फारसे काम नाही. श्रीमंती म्हणजे चकाकणारे कपडे आणि मोठ्याने बोलणे, अशी सरळ समजूत आहे. आजच्या प्रेक्षकाला काही प्रसंगांत अवघडल्यासारखे होते, आणि ते योग्यच आहे. हे दोष झाकून या चित्रपटाचे कौतुक करण्याची गरज नाही.

३/ यात नायक आहेत नसीरुद्दीन शाह. हे वाक्य पुन्हा वाचण्याजोगे आहे. त्याच १९८८ साली दूरदर्शनवर गुलजार यांची 'मिर्ज़ा ग़ालिब' ही मालिका आली आणि तिच्यात ग़ालिब साकारले ते याच नसीरुद्दीन शाह यांनी. एका पडद्यावर कर्जात बुडालेला महाकवी, दुसऱ्या पडद्यावर पैसे संपता संपत नाहीत म्हणून घामाघूम झालेला वारसदार. समांतर चित्रपट आणि मसालापट यांच्यामध्ये जी भिंत उभी आहे असे आपण मानतो, तिला त्या काळात अनेक दारे होती. नटांचे त्यांतून येणे-जाणे चालू असे.

४/ कथा तर त्याहून जुनी. अमेरिकन लेखक जॉर्ज बार मॅककचन यांनी १९०२ साली टोपणनावाने 'ब्रूस्टर्स मिलियन्स' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या नायकाला आजोबांकडून दहा लाख डॉलर मिळतात. त्या आजोबांचा मनस्वी द्वेष करणारा एक मामा सत्तर लाख ठेवून जातो, पण अट घालतो : आजोबांचा एकही डॉलर अंगाला चिकटलेला नसेल, तरच माझे पैसे तुझे. म्हणजे या विनोदाच्या मुळाशी एक कौटुंबिक सूड आहे.

५/ या कादंबरीवर मूकपटांच्या काळापासून चित्रपट निघाले. पहिला १९१४ साली. १९८५ च्या आवृत्तीत दिग्दर्शक वॉल्टर हिल यांनी नायकाला बेसबॉलपटू केले : खालच्या दर्जाच्या संघातला, उमेद सरत आलेला गोलंदाज. रक्कम झाली तीस दिवसांत तीन कोटी डॉलर. पैसे हाती येताच तो न्यूयॉर्क यांकीज या मातब्बर संघालाच सामन्यासाठी भाड्याने घेतो. एरवी हा संघ त्याला दारात उभा करणार नव्हता. इथे कथा खेळाशी जोडली गेली आणि तिचा सूरच बदलला.

६/ भारतीय चित्रपटांना ही कथा फार मानवली. १९५४ साली तेलुगूत 'वद्दंटे डब्बू' आला. १९९७ साली तमिळमध्ये 'अरुणाचलम' आला. त्याचे नायक रजनीकांत, म्हणजे बेंगळुरूच्या मराठी भाषक कुटुंबात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. 'मालामाल' या साखळीतली मधली कडी. १९८५ च्या इंग्रजी चित्रपटातले मिलियन इथे कोटी झाले आणि बेसबॉलच्या जागी साहजिकच क्रिकेट आले. यांकीजच्या तोलाचे भारतात कोण? १९८८ मध्ये या प्रश्नाला एकच माणूस पुरेसा होता.

७/ गावस्करांसाठी १९८७ हे वर्ष कसे होते ते आठवावे. मार्चमध्ये अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध कसोटीत १०,००० धावा, असे करणारे जगातले पहिले फलंदाज. त्याच महिन्यात बंगळुरूला अखेरची कसोटी आणि ९६ धावांची खेळी. ऑगस्टमध्ये एमसीसीच्या द्विशताब्दी सामन्यात लॉर्ड्सवर १८८. ऑक्टोबरअखेर नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यांतले एकमेव शतक. आणि ५ नोव्हेंबरला वानखेडेवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात डिफ्रेटासच्या चेंडूवर त्रिफळा, धावा ४. तिथे कारकीर्द संपली.

८/ म्हणजे 'मालामाल'मधले गावस्कर नुकतेच निवृत्त झालेले आहेत. ज्या प्रेक्षकाने वानखेडेवरचा तो त्रिफळा पाहिला किंवा रेडिओवर ऐकला, त्याला इथे ते पुन्हा मैदानावर दिसतात, तेही हसतखेळत, कोणत्याही निकालाचे ओझे नसताना. चित्रपट म्हणून तो प्रसंग सामान्यच आहे. पण त्या क्षणाच्या प्रेक्षकाला त्यात एक निरोप मिळाला असणार. पटकथेने तो निरोप योजलेला नव्हता; कालक्रमानेच तो तिथे आणून ठेवला.

९/ क्रिकेटपटूंनी पडद्यावर येणे नवे नव्हते. सलीम दुराणी १९७३ च्या 'चरित्र'मध्ये परवीन बाबीसोबत नायक होते. संदीप पाटील आणि सय्यद किरमाणी १९८५ च्या 'कभी अजनबी थे'मध्ये झळकले. स्वतः गावस्करांनी 'सावली प्रेमाची' या मराठी चित्रपटात नायकाची भूमिका केली आणि शांताराम नांदगावकरांचे एक मराठी गीतही गायले. यांपैकी कोणाचीही अभिनयाची कारकीर्द उभी राहिली नाही. प्रेक्षक अभिनय पाहायला आलेच नव्हते. ते आपला माणूस पाहायला आले होते.

१०/ आता पैशाकडे वळू. कारण या चित्रपटाचा खरा विषय तोच आहे. १९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. विजेत्यांना घसघशीत बक्षीस देण्याइतका पैसा मंडळाकडे नव्हता. राजसिंह डुंगरपूर यांनी लता मंगेशकरांना गळ घातली. ऑगस्टमध्ये दिल्लीत लताबाईंचा कार्यक्रम झाला, सुमारे २० लाख रुपये उभे राहिले आणि प्रत्येक खेळाडूला १ लाख रुपये मिळाले.

११/ आता चित्रपटातला हिशेब मांडावा. तीस दिवसांत ३० कोटी, म्हणजे दिवसाला १ कोटी. विश्वविजेत्या संघासाठी लता मंगेशकरांच्या मैफलीतून जेवढे जमले, त्याच्या पाचपट रक्कम हा नायक रोज उडवणार! १९८८ च्या प्रेक्षकाला हसू यायचे ते याच अशक्यतेचे. क्रिकेट आणि कोटी हे शब्द एका वाक्यात येणे, हाच तेव्हा विनोद होता.

१२/ फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी ऐतिहासिक साधनांत एक महत्त्वाचा भेद केला आहे. काही साधने सांगण्याच्या हेतूनेच निर्माण होतात : बखरी, आत्मचरित्रे, शिलालेख. काही साधने मात्र न कळत साक्ष देऊन जातात. ब्लॉक यांचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे होता. गल्लाभरू चित्रपट याच वर्गात बसतो. त्याला इतिहास सांगायचा नसतो, तिकिटे विकायची असतात. आणि म्हणूनच लोकांना काय हवेसे वाटते आणि काय अशक्य वाटते, हे तो बेसावधपणे सांगून टाकतो.

१३/ असे चित्रपट पेण-रोह्याकडे पोहोचत कसे? १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. म्हणून दोन्ही वस्तू भाड्याने मिळू लागल्या. महाराष्ट्रभर गणेशोत्सवात मंडळे वर्गणीतून एका रात्रीपुरता टीव्ही-व्हीसीआर आणि दोन-तीन कॅसेटी आणत. आरती-भजन आटोपले की मंडपात सतरंज्या पडत. रायगडातल्या गावांनाही ही जागरणे अनोळखी नव्हती. वीज गेली की मंडप ओरडे, आली की पुन्हा ओरडे.

१४/ या प्रेक्षागृहाची रचना ध्यानात घ्यावी. समोर सजवलेला गणपती, बाजूला टीव्ही. आजी, सुना, पोरेसोरे, मुंबईहून आलेले चाकरमानी सगळे एकत्र. कोणी झोपलेले, कोणी अर्धे पाहून घरी गेलेले. अशा जागी सूक्ष्म पटकथा टिकत नाही. तिथे विनोद दोनदाच सांगावा लागतो, कारण पहिल्यांदा निम्मे लोक गप्पांत असतात. समीक्षकाला जे पाल्हाळ वाटते, ते मंडपात उपयोगी पडते. चित्रपटाचा दोष कोणत्या जागी बसून मोजला, यावरही त्याचे वजन ठरते.

१५/ आणि ही जागा कोणती? पेण म्हणजे गणपतीच्या कारखान्यांचे गाव. वर्षभर माती-रंगांत हात बुडालेले आणि भाद्रपदात महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेले. रोहा म्हणजे कुंडलिकेकाठचे तालुक्याचे ठिकाण. १९८० च्या दशकात पेणमार्गे आलेली रेल्वे तिथे थांबली आणि पुढे कोकण रेल्वेची सुरुवात तिथूनच झाली. भोवती भातशेती, खाडीकडे खारजमीन आणि मिठागरे. १ जानेवारी १९८१ ला या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

१६/ या पट्ट्यात पैसा फार उशिरा आणि फार एकदम आला. १९३३ ते १९३९ या काळात शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप केला, खोतांची शेते पडीक ठेवली आणि हालअपेष्टा सोसल्या. स्वातंत्र्यानंतर खोती गेली. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक झाली. मालकी आली, रोकड मात्र पावसावरच अवलंबून राहिली.

१७/ मग १९७० आणि ८० च्या दशकांत कारखाने आले : रोह्याजवळ धाटावची एमआयडीसी, अलिबागजवळ थळचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोकेमिकल संकुल. उत्तरेकडे नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदर. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले.

१८/ 'मालामाल' आला तो या सगळ्याच्या मध्यावर. एकाएकी हाती आलेल्या पैशाचे माणसाने काय करायचे, हा प्रश्न दक्षिण मुंबईच्या चित्रपटगृहात निव्वळ गमतीचा होता. रायगडच्या मंडपात बसलेल्या एखाद्या खातेदारासाठी तो तलाठ्याच्या नोटिशीतून येऊ घातलेला प्रश्न होता. जमीन एकदा गेली की हाती येतो तो पैसा किती महिने पुरतो? नायकाजवळ तीस दिवसांचे वेळापत्रक होते. इथल्या माणसाजवळ तेही नव्हते.

१९/ वीस वर्षांनी चित्रपटातला विनोद खरा झाला, तोही दोन तऱ्हांनी आणि एकाच वर्षात. १८ एप्रिल २००८ ला आयपीएलचा पहिला सामना झाला. फेब्रुवारीतल्या लिलावात महेंद्रसिंह धोनीला १५ लाख डॉलर, म्हणजे सुमारे ६ कोटी रुपये मिळाले होते. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात ऋषभ पंतची बोली २७ कोटींवर गेली. 'मालामाल'च्या लेखकांना जी रक्कम उडवून संपणे अशक्य वाटली, जवळपास तेवढी आता एका खेळाडूच्या एका हंगामाची किंमत आहे. क्रिकेट आणि कोटी या शब्दांवर आज कोणी हसत नाही.

२०/ दुसरी तऱ्हा पेणची. महामुंबई सेझसाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतली हजारो हेक्टर जमीन मागितली गेली होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या, पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला शेतकऱ्यांचे सार्वमत घेण्यात आले. बहुसंख्यांनी प्रकल्पाविरुद्ध कौल दिला. पुढे तो सेझ उभा राहिला नाही. चित्रपटाचा नायक मोठी रक्कम मिळावी म्हणून छोटी रक्कम फेकतो. पेणच्या शेतकऱ्याने समोर धरलेली रक्कमच नाकारली आणि भातखाचर ठेवले. अशा शेवटाची पटकथा त्या काळी कोणी लिहिली नसती.

२१/ पैसा जपण्याच्या वाटेवरही धोका होता. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. लहान-मोठ्या ठेवीदारांची आयुष्यभराची पुंजी अडकली आणि तिच्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. महिन्याअखेर हात रिकामे असणे ही चित्रपटात जिंकण्याची अट होती. इथे ती शिक्षा ठरली, तीही न उडवता, न चुकता पैसे जमा करणाऱ्यांना. हे ठाऊक असलेला प्रेक्षक 'मालामाल'ला आजही हसतो. फक्त काही ठिकाणी जरा उशिरा हसतो.

२२/ आणि क्रिकेट? भातकापणी झाली की या भागातली खाचरे मैदाने होतात. टेनिस चेंडू, मर्यादित षटके, गावागावांचे संघ, भोंग्यावरून चालणारे मराठी-आगरी समालोचन. बक्षिसे चषकापासून सुरू होऊन रोख रकमेवर आणि दुचाकीवर गेली. आता सामने यूट्यूबवर थेट दिसतात. या खेळाडूंपैकी बहुतेकांना रणजीचे दार कधी उघडले नाही. 'मालामाल'मध्ये ज्या स्वप्नावर विनोद रचला आहे, ते त्यांचे स्वप्न आहे : एकदा तरी समोर गावस्कर असावेत आणि हाती आपली बॅट.

२३/ मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीग सुरू झाली. खेळ टेनिस चेंडूचा, खेळाडू गल्ली-मैदानांतले. संघांचे मालक अमिताभ बच्चन, अक्षयकुमार यांच्यासारखे चित्रपट-कलावंत आणि मार्गदर्शकांत सचिन तेंडुलकर. चित्रपटातल्या नटाने मोठ्या क्रिकेटपटूसमोर उभे राहावे, ही १९८८ ची कल्पना. आता नटच गल्लीतल्या क्रिकेटपटूवर बोली लावतात. १९८८ च्या विनोदाला असा उलटा शेवट मिळाला आहे.

२४/ याच नसीरुद्दीन शाह यांनी २००५ साली नागेश कुकुनूर यांच्या 'इक़बाल'मध्ये श्रेयस तळपदेच्या मूकबधिर गोलंदाजाला घडवणारा दारुडा प्रशिक्षक उभा केला. तो चित्रपट सर्वार्थाने सरस. त्याची प्रशंसा झाली, पुरस्कार मिळाले, खेळावरच्या चांगल्या चित्रपटांत त्याचे नाव घेतले जाते. ते रास्तच आहे. पण खेड्यातल्या मुलाची जिद्द कशी दिसते, हे जसे 'इक़बाल'कडून कळते, तसे त्या मुलाचे आईबाप पैशाविषयी मनातल्या मनात काय बोलत, हे 'मालामाल'कडून अधिक कळते.

२५/ म्हणून सवंग, जुनाट चित्रपट पाहताना शरमेचे कारण नाही आणि त्याला थोर ठरवण्याचा खटाटोपही नको. त्यातल्या स्त्री-पात्रांवर जो अन्याय आहे तो अन्यायच म्हणावा. ढोबळ विनोदाला ढोबळच म्हणावे. आणि मग नसीरुद्दीन शाह पैशांमागे धावताना दिसले, गावस्कर हसत मैदानात आले, की मोकळेपणाने हसावे. हसणाऱ्याला त्या हसण्यामागचा हिशेब ठाऊक असला, तर मजा उणावत नाही.

२६/ शेवटी एक विनंती. व्हीसीआरच्या त्या रात्रींची लेखी नोंद जवळजवळ नाही. कॅसेटींना बुरशी लागली, भाड्याची दुकाने मोबाइलची झाली, मंडळांच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या. पण ते प्रेक्षक अजून आहेत. पेण, रोहा, नागोठणे किंवा आपापल्या गावी घरातल्या थोरांना या भाद्रपदात तीन प्रश्न विचारावेत : मंडपात कोणता चित्रपट लावला होता? व्हीसीआर कुठून आणला होता? आणि भाडे किती पडले होते? उत्तरे साल-तारखेसह लिहून ठेवावीत. स्थानिक इतिहासाची साधने अशीच जमतात.